निम्मं निम्मं

रत्नाबाईंनी दोन्ही डब्या स्टीलच्या ताटात उपड्या केल्या आणि तांदळातले खडे बघावेत तशी बोटं फिरवून गोळ्या एकमेकींत मिसळून टाकल्या. पांढऱ्या, गोल, शर्टाच्या बटणाएवढ्या गोळ्या. थोरल्या सुनेची कुठली आणि धाकटीची कुठली, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग एक इकडे, एक तिकडे करत त्यांनी दोन्ही डब्या पुन्हा भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि फडताळात ठेवून दिल्या. दोघी सुना जेवून आपापल्या खोलीत पडल्या होत्या. बोटांना लागलेली पूड रत्नाबाईंनी पदराला पुसली आणि त्या भांडी आवरायला लागल्या.

दर महिन्याला नव्या डब्या आल्या की हे असंच चालायचं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. वाटप करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कासारसाईच्या धरणाकडची जमीन विकली तेव्हा कैलास आणि राजू या दोन्ही मुलांत शब्दाला शब्द लागला नाही, तो त्यांच्यामुळे. हिंजवडीत कामाला जाणाऱ्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्याही त्यांनी अशा वाटल्या, की एकाच्या वाट्याला ऊन आलं तर दुसऱ्याच्या वाट्याला वारा. नवरा गेणबा चिडवायचा, "हिला तीळ द्या, सात जणांत वाटंल. अन् वर इचारंल, मोठा तुकडा कुणाला गेला?"

हाताची पाची बोटं सारखी नसतात, हे शेजारणींनी त्यांना कितीदा ऐकवलं असेल. त्या म्हणायच्या, "नसतात की. पर तेल चोळताना आपण पाचींना चोळतो."

या गोळ्या घरात आल्या त्या नलिनीबरोबर. नलिनी नर्स होती. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यानं बाळंतपणातल्या आजारांवर संशोधन काढलं होतं, त्याच्या कामासाठी ती स्कूटरवरून गावोगाव फिरायची. पोटुशी बाईचा रक्तदाब चढतो, झटके येतात, कधी बाळ जातं, कधी बाईच जाते. ते आधीच थोपवता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. नेहमीची तपासणी आणि औषधं सगळ्यांनाच होती, त्यावर ही एक जादा गोळी. काहींच्या गोळीत औषध आणि काहींच्या गोळीत नुसती पूड. नलिनीनं सगळं समजावून सांगितलं, दोघी सुनांनी कागद वाचून सह्या केल्या. रत्नाबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या.

"म्हंजे कुणाला औषध, अन् कुणाला खडू?"

"औषधानं खरंच फरक पडतो का, ते असंच कळतं, मावशी."

"मग माझ्या अपेक्षाला यातलं काय?"

"ते मलाही ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही. कळू द्यायचंच नाही, असा नियम आहे."

हा नियम काही रत्नाबाईंच्या पचनी पडला नाही. अपेक्षा थोरली सून. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं. आधी पाय सुजले, मग डोकं धरून बसायला लागली, आणि एके सकाळी भाकरी थापता थापता ती आडवी झाली. शेजारीण नाकाशी कांदा धरायला धावली, कैलास गाडी आणायला धावला. अपेक्षा वाचली. बाळाला मात्र कुणी डोळे भरून बघितलंही नाही. आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि धाकटी जुईलीही तिच्या मागोमाग. जुईली भूगावची. घरात बसून लॅपटॉपवर नोकरी करणारी, आणि रत्नाबाईंना "आई, तुम्ही बसा, मी करते" म्हणणारी.

पहिल्या डब्या आल्या त्या दिवशी रत्नाबाईंना जेवण गेलं नाही. अपेक्षाच्या डबीत खडू असला तर? मग जुईलीची डबी उचलून तिला द्यावी. आणि जुईलीच्या डबीतच खडू असला तर? एकदा तर त्यांनी दोन्ही डब्यांची अदलाबदल केली आणि घटकाभरानं पुन्हा होत्या तशा ठेवल्या. एकीच्या ताटातलं उचलून दुसरीला वाढायचं त्यांच्या जिवावर आलं. शेवटी त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. औषध असेल तर दोघींना निम्मं, खडू असेल तर दोघींना निम्मा. कुणाच्या पदरी भोपळा नको. त्या दिवशी त्यांना गाढ झोप लागली. सुनांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. रोज दुपारी ज्या त्या डबीतली गोळी आणि पाण्याचा तांब्या त्या स्वतःच्या हातानं नेऊन द्यायच्या.

सातवा संपता संपता अपेक्षाच्या बांगड्या हातात रुतायला लागल्या. मग एका सकाळी ती खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "आई, डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात."

या वेळी कुणी कांद्याचं नाव काढलं नाही. कैलासनं गाडी काढली. पण हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या गाड्यांची ही रांग लागलेली. गाडी हातभर पुढं जायची आणि थांबायची. मागच्या सीटवर अपेक्षाचं डोकं मांडीवर घेऊन रत्नाबाई पुढच्या प्रत्येक गाडीला शिव्या घालत होत्या. शिव्या संपल्या तेव्हा त्या रडायला लागल्या.

दवाखान्यात अपेक्षाला थेट आत नेलं. डॉक्टरीणबाई घाईत बोलल्या. रक्तदाब फार चढलाय, बाळ आत्ताच काढावं लागेल, दोघांनाही धोका आहे. कैलासनं सही केली आणि तो औषधं आणायला खाली पळाला. रत्नाबाई बाकावर एकट्या राहिल्या.

एकटं बसलं की मन नको तिथं जातं. अपेक्षाच्या डबीत औषधच असलं, तर त्यातलं निम्मं आपणच काढून घेतलं. निम्म्या औषधानं निम्मा आजार थोडाच बरा होतो? अर्ध्या दोरानं विहिरीचं पाणी लागत नाही. हे त्यांना आज या बाकावर सुचत होतं. जिच्यावर एकदा घाला पडला होता, तिच्याच तोंडातला घास आपण समान वाटपाच्या नादात काढला, असं वाटून त्या बाकावरून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

निरोप मिळताच नलिनी आली. शेजारी बसून तिनं पाण्याची बाटली पुढं केली. रत्नाबाईंनी ती घेतली नाही.

"नलिनीताई, माझ्या हातनं पाप झालंय."

"काय झालं?"

"तुमच्या गोळ्या मी दर खेपंला एका ताटात वतायची. मिसळायची, अन् मग दोघींच्या डब्या भरायची. पोरींना ठाव न्हाई. त्यांना बोलू नका. मला काय बोलायचं ते बोला."

नलिनीचा चेहरा उतरला. "पहिल्या महिन्यापासून?"

"व्हय."

"मला हे वर कळवावं लागेल, मावशी."

"कळवा की. पर आधी त्या डॉक्टरीणबाईला सांगा. पोरीला निम्मंच औषध गेलंय, आता तरी पुरं द्या म्हणावं."

नलिनीनं रत्नाबाईंचा हात आपल्या हातात घेतला.

"तसं झालेलं नाही. एका घरातल्या बायकांना आम्ही एकच गोळी देतो. घरात गोळ्या इकडच्या तिकडं होतात, कुणी एकमेकींना देतं, कुणाची संपली की दुसरीची घेतात. हे गृहीत धरूनच तसं ठरवलंय. डब्यांवरचे नंबर तेवढे वेगळे."

"एकच म्हंजे?"

"दोघींना औषध, नाही तर दोघींनाही पूड."

"मग दोघींना काय हाय?"

"ते मला खरंच ठाऊक नाही. गरज पडली तर डॉक्टरांना बघता येतं. पण काहीही निघालं तरी आत्ता जे चाललंय तेच करायचं, असं डॉक्टरीणबाई मला येता येता म्हणाल्या."

रत्नाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "अन् मी येवढं केलं, ते?"

"त्यानं काही बिघडलं नाही. मनाला लावून घेऊ नका. तुमच्या मिसळण्यानं काहीच झालेलं नाही."

नलिनी हे मायेनंच म्हणाली. पण रत्नाबाईंना कुणी थोबाडीत मारली असती तर ते बरं वाटलं असतं. पाप केलं असतं तर ते फेडता आलं असतं. उपास धरला असता, अनवाणी देवाला गेल्या असत्या, अपेक्षाचे पाय धरले असते. आता धरायला काही उरलंच नाही. त्यांनी सुधारलं नव्हतं आणि बिघडवलंही नव्हतं. आणि त्या पांढऱ्या गोळ्यांत जे काही होतं, त्यानं अपेक्षाला तारलं नव्हतं. तेच आता जुईलीच्या पोटात जात होतं.

"जुईलीला मी उद्याच तपासून जाते," त्यांच्या मनातलं ओळखल्यासारखं नलिनी म्हणाली.

दार उघडून एक परिचारिका बाहेर आली. मुलगी झाली होती. फार लहान होती, काचेच्या पेटीत ठेवली होती. अपेक्षाचा रक्तदाब अजून उतरत नव्हता. आत्ताच काही सांगता येत नाही, एवढं बोलून ती परत आत गेली. रत्नाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

पदरात बांधलेला फोन वाजला. घरून जुईली बोलत होती.

"आई, ताई कशी आहे?"

"पोरगी झाली. पेटीत ठिवलीया. अपेक्षाचं अजून काय सांगत न्हाईत."

पलीकडं जुईली हुंदका गिळताना ऐकू आलं. मग ती म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंत का? मी राजूबरोबर डबा पाठवते. आणि आई, माझी दुपारची गोळी राहिलीय. फडताळात दोन डब्या आहेत, दोन्हींवर नुसते नंबर. माझी कुठली?"

रत्नाबाईंनी बंद दाराकडं बघितलं.

"कुठलीबी घे."

"असं कसं? अदलाबदल करायची नाही, असं नलिनीताईंनी बजावलंय ना."

"घे गं पोरी. दोन्ही सारख्याच हायेत."

जुईलीनं फोन चालूच ठेवून बाजूला ठेवला असावा. झाकण फिरल्याचा आणि मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. रत्नाबाई फोन कानाला घट्ट लावून ते ऐकत उभ्या राहिल्या.