दोन दिवसांची बाळंतीण

नाताळच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई झाडू घेऊन दौंडच्या चर्चमध्ये शिरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेदीच्या डाव्या अंगाला तिने स्वतः रचलेली गव्हाणी, येशूजन्माचा देखावा, निम्मी उसकटली होती. मेंढरं खोक्यात, कडबा पोत्यात. आणि चर्चच्या कमिटीचे सोपानराव मरियामातेच्या मूर्तीला वर्तमानपत्र गुंडाळत होते.

उद्या त्यांच्या मुलाचं, इंद्रजीतचं लग्न होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून नाताळ उलटताच सगळ्यांची घाई. व्हिडिओवाल्याला हा कोपरा मोकळा हवा होता. फादर मिस्सेसाठी, तिथल्या उपासनेसाठी शिरूरला गेलेले, मग विचारायचं कोणाला? नाताळ तर झाला की मावशी, असं सोपानराव अगदी सहज म्हणाले.

झाला? आगमनकाळ म्हणजे वाट बघायचे दिवस. त्यात हीच मंडळी केक खात, गाणी वाजवत हिंडली, आणि सण खरा सुरू झाला तेव्हा आवरायला निघाली. या उफराट्या कारभाराची शेवंताबाईला मनस्वी चीड होती. त्यातून तिचा मुलगा सुरज कुरकुंभच्या कंपनीत नवा लागलेला. त्याला सुट्टी मिळाली नाही, नाताळची मिस्सा चुकली. फोनवर तो रडवेला झाला तेव्हा तिने त्याला शब्द दिला होता, जानेवारीत तीन राजांच्या रविवारी ये, राजे बाळाला भेटायला येतात त्या सणाला, नाताळ तोवर असतो, गव्हाणीही असेल.

तिने सोपानरावांच्या हातातून मूर्ती काढून घेतली.

"पोर जल्मून दोन दिस झालं, सोपानराव. तुमच्या घरची बाळंतीण तुम्ही बारशाच्या आत उठवता का? आन् हिला पेपरात गुंडाळून खोक्यात घालता?"

सोपानराव खोकं ठेवून बाजूला झाले. तिने गव्हाणी पुन्हा रचली आणि दुसऱ्या दिवशी लग्नभर तिथंच ठाण मांडून बसली. त्या कॅसेटीत नवरानवरीच्या शेजारी रागाने लाल झालेली शेवंताबाई अजून दिसते.

तीन राजांच्या रविवारी सुरज रात्रपाळी संपवून थेट चर्चमध्ये आला. मिस्सा झाली, लोक पांगले, आणि गव्हाणीपुढे गुडघे टेकलेला तो बाकाला डोकं लावून तसाच झोपी गेला. त्याच्या कपड्यांना केमिकलचा उग्र वास येत होता. पोराला सणालासुद्धा न सोडणाऱ्यांना बोल लावत शेवंताबाई त्याच्याशेजारी बसून राहिली. तेवढ्यात सोपानराव किल्ल्या वाजवत आले, चर्च बंद करायचंय म्हणाले.

"लावा की भायेरनं कुलूप," ती म्हणाली. "आमचा नाताळ आत्ता कुठं लागलाय."