विहिरीनं भरलेली ओटी

विहिरीचं पाणी एका दिवसात कुठे जात नाही. जाते ती माणसांची अक्कल. पण धरणगावजवळच्या त्या घरात पाणी गेलं असं ठरलं, आणि ते थोरल्या सुनेनं घालवलं असंही ठरलं. मोटार घुंऽऽ करत फिरत होती आणि तोटीतून नुसती हवा फुसफुसत होती. कोणी मोटार उघडून बघितली नाही. आधी सून बघितली.

सुलक्षणा तिचं नाव. नवरा प्रेमराज गावोगावच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो गेल्यापासून घरात तिचं स्थान स्वयंपाकघर ते भांड्यांची मोरी एवढंच उरलं होतं. धाकटा दीर पंडित, त्याची बायको रत्ना आणि सासू कुंदाबाई, असं बाकीचं घर. रत्नाला मुलगा झाला. रीतीप्रमाणे बाळंतीण विहीर पूजायला निघाली, आणि सुलक्षणेला सांगण्यात आलं की तू मागल्या दारातून पुढे येऊ नकोस.

ती आली नसतीच. पण ओट्या भरून झाल्या, बायका गाणी म्हणायला लागल्या आणि चालू मोटारीचा आवाज एकाएकी बदलला. कोरडा, चिरका. प्रेमराजच्या संसारात राहिलेल्या बाईला तो आवाज ऐकून स्वस्थ बसवेना. ती सरळ बायकांच्या घोळक्यातून गेली आणि तिनं बटण बंद केलं. तेव्हापासून तोटीला थेंब नाही.

"नाव सुलक्षणा, आनी लक्षन असं!" कुंदाबाई कडाडल्या. "तू उनी नी पाणी गयं!"

गावातल्या भगतानंही तांदूळ टाकून तेच सांगितलं. विधवेची सावली पडली, विहीर रुसली. ती माहेरी गेली की पाणी परत येईल. भगताला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईला घराबाहेर काढायला मोटार कळावी लागते थोडीच? पंडित जळगावला डाळ मिलमध्ये नोकरीला, हातात मोठा फोन, आणि तोही मान डोलावत होता.

"वहिनी, दुपारनी गाडी शे बोदवडनी," तो दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला. तिच्याकडे न बघताच म्हणाला. "बोचकं बांधा."

माहेरी जायचं म्हणजे चार दिवसांसाठी नाही, हे सुलक्षणेला कळत होतं. एकदा या उंबऱ्याबाहेर पडली की आत यायला कोणी दार उघडणार नव्हतं. ती रात्रभर रडली होती. सकाळी मात्र डोळे कोरडे होते आणि डोकं तापलं होतं.

"गाडी दुपारनी शे ना?" तिनं पदर खोचला. "मंग तठलोंग विहीर मन्ही." तोवर विहिरीवर हुकूम तिचाच.

तिनं आधी दोराला बादली बांधून विहिरीत सोडली. बादली बुडाली, भरून वर आली. ती तिनं सासूच्या पायाशी ठेवली. "पाणी गयं नही, आत्या. हाई दखा. फक्त वर येस नही."

कुंदाबाई म्हणाल्या, "विहीरले हात लाऊ नको!" सुलक्षणेनं हात लावलाच होता.

मग तिनं फळीवरून प्रेमराजची पिशवी काढली. पाना गंजला होता, पण हाताला ओळखीचा होता. इतकी वर्षं तिनं तो फक्त त्याच्या हातात दिला होता. मोटारीच्या डोक्यावरचं बूच तिनं उघडलं आणि आत पाणी ओतलं. काठोकाठ भरलं आणि वाट बघत बसली. पाणी खाली उतरलं असतं, तर पाइपाच्या तळाशी बसवलेला फुटवॉल गळतोय असं झालं असतं. पाणी जागचं हललं नाही. पाइपाचा जोड तिनं हात फिरवून बघितला. कुठे ओल नाही, चीर नाही. मोटार तर फिरतच होती. घसा बरा, पोट बरं, म्हणजे तोंडच कोणीतरी दाबून धरलंय. तिनं जोड सोडवला; पाण्यातलं पाइपाचं टोक वर काढायला हवं होतं.

पाण्यानं भरलेला काळा पाइप एकट्या बाईला ओढवेल थोडाच! पाइपाला बांधलेला दोर तिच्या तळहातात रुतला. पाइप हातभर आला आणि परत खाली गेला. तिनं पंडितकडे बघितलं. पंडितनं फोनकडे बघितलं.

तेवढ्यात रत्ना उठली. मांडीवरचं बाळ तिनं सरळ सासूच्या मांडीवर ठेवलं. "अक्का, मी धरस दोर."

"तू बाळंतीन शे, जाय घरम्हा!" कुंदाबाई ओरडल्या, पण मांडीवर नातू, उठणार कशा? तो नुकताच झोपला होता.

दोघी जावांनी पाय रोवले. पाइप वर वर येत गेला, काठावर घासत, दोघींच्या अंगावर पाणी उडवत. शेवटी फुटवॉल बाहेर आला. त्याच्या जाळीवर हिरवं कापड घट्ट आवळून बसलं होतं, गाठीतली सुपारी आणि हळकुंड अजून जागच्या जागी.

विहिरीच्या ओटीचा खण! कालच रत्नानं वाहिलेला.

रत्ना नवऱ्याकडे वळली. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, मोटार चालू राहू द्या, व्हिडिओम्हा पाणी दखावाले जोयजे! मी खण टाका नी मोटारनी गियी लिधा." चालत्या मोटारीनं खण ओढून जाळीवर आवळला होता.

पंडितला गाडीची वेळ आठवली नाही. कोणीच आठवण करून दिली नाही.

सुलक्षणेनं जाळी खरडून साफ केली, पाइप खाली सोडला, जोड आवळला, पाणी भरून बूच लावलं आणि बटण दाबलं. तोटी दोनदा खोकली. मग अशी धार लागली की मोरीतली भांडी गडगडली. रत्ना हसत सुटली. सुलक्षणा हसली नाही. तिला हसायचं नव्हतं, भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

"तो खण देवना शे," कुंदाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "गिरणा नदीम्हा सोडी दे."

सुलक्षणेनं खण पिळला. प्रेमराज गेल्यापासून कोणी तिची ओटी भरली नव्हती. हळदीकुंकवाला बायका तिला वगळून पलीकडे जायच्या.

"नही सोडस," ती म्हणाली. "तुम्ही कोन्ही मले दिधा नही. विहीरनी दिधा."

दुपारची गाडी आली आणि गेली. त्या वेळी सुलक्षणा शिलाई मशीनवर बसली होती. खण कोरडा झाला, कापला गेला, शिवला गेला.

संध्याकाळी ती हिरवंगार पोलकं घालून विहिरीवर आली. शेजारच्या बायका कुंपणाशी थबकल्या. कुंदाबाई हंडा घेऊन उभ्या होत्या, तोंड घट्ट मिटून. सकाळचं पाणी धुण्याभांड्यात संपलं होतं, घरात प्यायला घोटभर उरलं नव्हतं. सुलक्षणेनं बटण दाबलं आणि तोटीशी वाकली. तिची सावली लांबलचक होऊन धारेवर पडली.

कुंदाबाईंनी त्या सावलीकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं, आणि हंडा पुढे केला.

"धरा, आत्या," सुलक्षणा म्हणाली. "सावलीसकट शे."