साऱ्या गावानं झाकलेला दमा

मच्छे गावात कुणालाही दमा नव्हता. निदान घरात लग्नाची पोर असेपर्यंत तरी नव्हता. दमेकऱ्याच्या घरची मुलगी कोण करून घेणार? म्हणून रुक्माबाईच्या परशरामाला सातव्या वर्षापासून जी धाप लागायची, तिला सगळे ‘सर्दी’ म्हणायचे. पोरगं रात्रभर उशी पोटाशी धरून बसायचं. शेजारच्या आण्णाप्पांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं आणि सकाळी ते मोठ्यानं विचारायचे, “सर्दी बरी हाय न्हवं रं?” विहिरीचा गाळ काढायला या गावात कधी एकी झाली नाही, रोग झाकायला मात्र अख्खं गाव एक. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पलटणीतल्या भरतीच्या वेळी परशरामानंही तेच सांगितलं, आजार कसलाही नाही. बेळगावच्या छावणीत सहा महिने बरे गेले. मग धाप परतली, आणि नेमकी पलटण बोटीनं दूर मिसर देशातल्या लढाईवर निघायच्या वेळी. डॉक्टर तपासायला आला की छाती साफ. सगळे म्हणू लागले, पोरगं ढोंग करतंय. त्यानं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. ‘आये, चौकशीला जमादार येईल. ल्हानपणापासनं दमा हाय असं गावातल्या दोघांनी सांगितलं तर मला सोडत्याल. न्हाय तर मी काय परत येत न्हाय.’

टपालवाल्यानं पत्र वाचून दाखवल्याला चार दिवस झाले, तरी रुक्माबाईनं कुणाजवळ तोंड उघडलं नाही. मंगळवारी लेकीची, बाळाबाईची सुपारी फुटायची होती. बापाविना वाढलेली पोर, उचगावचं चांगलं घर. एकदा सुपारी फुटू दे, मग आण्णाप्पांच्या कानावर घालू, असं तिनं ठरवलं. पोरीचं आज, पोराचं उद्या. एकट्या बाईनं दोन पोरांचं आणखी कसं भागवायचं?

जमादार मंगळवारीच आला.

उचगावचे पाहुणे घोंगडीवर बसलेले, बाळाबाई पाटावर खाली मान घालून. जमादारानं दारातूनच विचारलं, “परशरामाचं घर हेच ना? त्याला लहानपणापासून दमा आहे?”

घोंगडीवरच्या माना दाराकडं वळल्या. रुक्माबाईनं लेकीकडं पाहिलं, मग जमादाराच्या हातातल्या कागदाकडं.

“हाय,” ती म्हणाली. “सात वर्साचा हुता तवापासनं. म्याच लपवला.”

लग्न मोडलं हे तिला कळत होतं. पोरीच्या तोंडाकडं बघायची हिंमत होत नव्हती. पण पोरगा जिता घरी येईल, या एका गोष्टीवर ती उभी राहिली.

जमादारानं मान हलवली. “आईचं लिहून घ्यायचा हुकूम नाही. सगळ्या आया हेच सांगतात. बाहेरची दोन माणसं पाहिजेत.”

पाहुण्यांशेजारी बसलेले आण्णाप्पा लगबगीनं उठले. मोठा देवमाणूस! त्यांनी पाहुण्यांकडं पाहिलं, मग रुक्माबाईकडं, आणि डोळ्यांनीच ‘भिऊ नको’ म्हणाले.

“दमा? आवो, जोंधळ्याचं पोतं पाठीवर घिऊन पळायचं पोरगं त्ये! कधी शिंकल्यालं बी ठावं न्हाय.”

“आण्णा, तुमी तरी खरं सांगा!” रुक्माबाई ओरडली.

“खरंच सांगतोय की. जमादारसायेब, ल्योक लांब चाललाय म्हणून ही काय बी बोलती.”

“व्हय तर,” आण्णाप्पांची बायको जयाबाई म्हणाली. “आमच्या डोळ्यांम्होरं वाढलाय त्यो. घ्या, माझा बी अंगठा घ्या.”

बाळाबाईनं मान वर केली. “न्हाय, दादाला खरंच...” जयाबाईनं तिचं डोकं हलकेच खाली दाबलं. “नवरीनं मधी बोलू न्हये, बाई.”

रुक्माबाईनं देवाची शपथ घेतली, लेकाची घेतली. ती जेवढं जास्त बोलली, तेवढे पाहुणे जास्त गहिवरले. होणारे व्याही भरमूअण्णा तर उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, “पोरापायी एवढी येडी हुनारी आई! हिची लेक आमाला लई पसंत हाय.” आणि त्यांनी सुपारी फोडली.

जमादार निघाला. रुक्माबाई उंबऱ्याकडं धावली, तर आण्णाप्पा आडवे झाले.

“रुक्माक्का, पावनं बघत्यात,” ते तिच्या कानाशी हळूच, समाधानानं म्हणाले. “पोरीचं जमलं, पोराची नोकरी बी ऱ्हायली. सांभाळलं का न्हाय आमी?”

बाहेर अंगणात जमादार दोन अंगठ्यांची शाई वाळेपर्यंत कागद उन्हात धरून उभा होता.