लाल हुमणी

मडक्यावरचं तांबडं फडकं निघालं आणि चामटोलीच्या माळावर एकच गलका उठला. शेतकरी सदूने आपल्या नाचणीतून आणलेल्या, मुळं खाणाऱ्या पांढऱ्याफटक, वळवळत्या हुमण्या परवा मठाच्या महाराजांनी मडक्यात भरून दिलेल्या प्रसादाच्या मातीत पुरल्या होत्या. आज निघाल्या त्या मेलेल्या, विटेसारख्या लाल.

"लालमाय जेवली! भक्ताचं घर शुद्ध!" शशिकांत महाराज गरजले. "आता बनूबाईचं मडकं आणा."

बनूबाईच्या मडक्यातली मातीही महाराजांनीच दिलेली, पण तिच्यातल्या हुमण्या जिवंत होत्या.

"मायनं तोंड लावलं नाय," महाराजांनी डोळे पुसले. "करणीचं घर! गावाची नाचणी वाळते ती हिच्यापायी."

मठासाठी जमीन द्यायला बनूबाईने नकार दिला होता, हे त्या वेळी कुणालाच आठवलं नाही. तिचा मुलगा अक्षय मान खाली घालून निघून गेला.

गर्दीत राजसी उभी होती. बनूबाई तिची सख्खी आत्या. राजसी उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवायची. किडे मारणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे सूक्ष्म जंत, शोधून त्यांच्या जाती ओळखणं हाच तिचा अभ्यास. तो लाल रंग तिने प्रयोगशाळेत कितीदा पाहिला होता. तिने प्रसादाची माती घेतली, आत्याच्या मडक्यातलीही घेतली, आणि गावातल्या शेताशेतातून नमुने गोळा केले.

प्रसादाच्या मातीत सूत्रकृमी सापडले. आत्याच्या मडक्यातली माती चक्क तव्यावर भाजलेली होती, तिच्यात काहीच जिवंत नव्हतं. आणि प्रसादातली जात साऱ्या नमुन्यांपैकी एकाच ठिकाणी मिळाली. आत्याच्याच बांधावर.

तोवर बनूबाईकडे बेणणीला, तण काढायला, बाया येईनाशा झाल्या होत्या. अक्षय आईच्या हातचं पाणीही घेत नव्हता.

राजसीने सदूला एक डबा दिला. "काका, यात आत्याच्या मडक्यातली माती, तिच्याच शेतातल्या हुमण्या. वरून हे बाटलीतलं पाणी ओतते. डबा तुमच्याच घरात ठेवा."

पुढच्या बैठकीत सदूने सगळ्यांसमोर डबा उघडला. हुमण्या लालभडक.

"बघा! मायनं पोरीच्या हातून करून घेतलं!" महाराज लगेच ओरडले.

"मायने नाही, या बाटलीतल्या जंतांनी," राजसीने सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. "हे जंत हुमणीच्या अंगात शिरतात. त्यांच्या पोटातले जिवाणू तिला मारतात, लाल करतात. माती भाजली की जंत मरतात. महाराज, आत्याची माती का भाजलीत?"

महाराज चपला शोधू लागले.

"आणि ही जात गावात फक्त आत्याच्या बांधावर आहे."

अक्षय पुढे आला. "महाराज बांध खणताना मी बघितलेलं," तो पुटपुटला. "मंग बोलले, करणी तिथंच पुरलीय, औषध ओत. काल मी फवारणीचं सगळं औषध तिथं रिकामं केलं, राजूताई."

म्हणजे बांधावरचे जंत मेले असणार. राजसीकडे आता फक्त प्रयोगशाळेत वाढवलेले जंत उरले होते.

बनूबाईने मुलाकडे पाहिलं. "माती जाऊ दे. मला करणीवाली बोलले तवा तू गप का राह्यलास?"

माफी कुणीच मागितली नाही.

सदूने मात्र जंतांच्या पाण्याची उरलेली बाटली दोन्ही हातांनी कपाळाला लावली. "पोरी, ही देव्हाऱ्यात ठेवू ना?"

"नाही हो, काका!" राजसी म्हणाली. "ऊन उतरल्यावर ओल्या मातीत ओता. पुढच्या वेळी कुणी बोलला की अमक्या बाईमुळं पीक वाळतं, तर त्याला विचारा, कसं ते दाखव. मडकं उघडून बघा, माती बदलून बघा. हात जोडायच्या आधी एवढं केलं असतंत, तर माझ्या आत्याला आज गावासमोर असं उभं राहावं लागलं नसतं."