पूर्ण लिहिलेलं नाव

पापनूथे आजोबांनी मला बजावलं होतं, "दिदिमे, प्रभूचं नाव पूर्ण लिहू नकोस. दोन अक्षरं, वर आडवी रेघ. आपल्या लोकांचं पत्र त्या रेघेवरूनच ओळखतात."

ते आमच्या ख्रिस्ती मंडळीत शास्त्र वाचून दाखवतात. मी हसले. "आजोबा, बाबांनी मला व्याकरण शिकवलं ते शब्द अर्धे तोडायला नाही."

"शिकलीस म्हणून तर सांगतोय. अडाणी बाई माझ्याकडूनच लिहून नेते, तिची रेघ चुकत नाही."

पत्र माझ्या धाकट्या बहिणीसाठी, तायसिससाठी होतं. तिचा नवरा गेला, तेव्हा उत्तरेकडच्या हेराक्लेओपोलिस शहरातल्या मंडळीत तिला विणकाम मिळेल असं कळलं. ती बोलताना अडखळते. परक्यांपुढे तर स्वतःचं नावही निघत नाही तिच्या तोंडून. जे सांगायचं ते पत्रानंच. माझ्या बाळाला मांडीवर घेऊन मी लिहिलं, ही आमची बहीण, हिला प्रभूमध्ये शांतीने स्वीकारा. अक्षर वळणदार, चूक एकही नाही, आणि नाव पूर्ण.

तिला बोटीनं पोचवायला गेलेला होरिओन नावाडी बारा दिवसांनी परतला.

"दारातच पत्र उलटंपालटं करून बघितलं त्यांनी. म्हणाले, हे आपल्यातल्या कुणी लिहिलेलं नाही. मागे असंच पत्र दाखवून एक जण चार दिवस जेवला आणि भांडी घेऊन पसार झाला."

"मग तू नाही बोललास?"

"बोललो की. म्हणे, नावाडी काय, कुणासाठीही बोलेल. मला गहू उतरवायचा होता, ताई. परत येऊन बघतो, तर ती दारात नव्हती."

त्याच दिवशी मी आजोबांनी सांगितलं होतं तसं, रेघ देऊन, दुसरं पत्र लिहिलं. त्यांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. होरिओन पत्र देऊन आला. तिकडच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी फार वाईट वाटल्याचा निरोप दिला. तायसिस मात्र त्यांना सापडली नव्हती.

माझा नवरा गव्हाच्या बोटींवर, अलेक्झांड्रियाकडे. बाळाला ताप आहे, त्याला सोडून निघता येत नाही. दुपारी ते झोपलं की मी त्याचा श्वास मोजत बसते. घरात दुसरा आवाज नसतो.

हे वाचणारे तुम्ही कालव्यानं उत्तरेला जाणार असाल, तर हेराक्लेओपोलिसच्या धक्क्याजवळच्या विणकरांकडे जरा डोकावा. तायसिसच्या डाव्या भुवईवर भाजल्याची खूण आहे. दिसलीच तर जेवलीस का, एवढं विचारा.