पावणेतीनची बेल

वायरमनच्या धंद्यात मला तीस वर्षं झाली. तेवढ्या काळात दहाबारा भुतं तरी मी पकडली असतील. एका घरी बंद खोलीतला दिवा आपोआप मिणमिणायचा, म्हणून घरच्यांनी ती खोली वर्षभर उघडली नव्हती. भिंतीत ओल शिरली होती आणि स्विचमधून करंट झिरपत होता. दुसऱ्या एका बाईंच्या कपाटातून सकाळी पुरुषाचा आवाज यायचा. गोधड्यांखाली गजराचा रेडिओ निघाला. बाईंपेक्षा त्यांच्या नवऱ्याचाच जीव जास्त भांड्यात पडला.

हे किस्से मी रंगवून सांगायचो. सगळ्यात जास्त हसायची ती माझी भाची. मला ती शॉकमामा म्हणायची.

माझ्या थोरल्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची, दवाखान्यात नर्स. सकाळपाळी संपवून पावणेतीनला घरी यायची. तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत गेली. जिने इतक्यांचे ताप उतरवले, तिचाच ताप कुणाला उतरवता आला नाही.

दीड महिन्याने भाऊजींचा फोन आला.

“तू जरा येऊन जा. रोज पावणेतीनला बेल वाजते. दारात कुणी नसतं.”

“पोरं खोड्या काढत असतील.”

“मी जिन्यात उभा राहून बघितलं. चिटपाखरू नसतं. आणि तुझी ताई...” त्यांचा आवाज घसरला. “ती दोन कप चहा टाकते रे. माझा चहा बारालाच झालेला असतो.”

दुसऱ्या दिवशी दोनलाच जाऊन बसलो. ताईचे केस विंचरलेले होते, साडी नीट होती. आई लवकर गेली, तेव्हा मला ताईनेच लहानाचं मोठं केलं. तिचा चेहरा मला पाठ आहे. पण त्या दिवशीचा उल्हास काही मला वाचता येईना. ती ओट्यापाशी उभी होती आणि तिचा एक कान दाराकडे होता.

बेल वाजली. मी दाराच्या भिंगाला डोळा लावूनच होतो. बाहेर रिकामा जिना, समोरच्यांच्या चपला, बस्स. खोटं कशाला बोलू, अंगावर सरसरून काटा आला. कडीकडे हात जाईना. तेवढ्यात ताई मला बाजूला सारून पुढे आली. तिने दार सताड उघडलं आणि अंग चोरून उभी राहिली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

“आलीस? ये, ये. दमलीस ना?”

भाऊजी पेपरात तोंड खुपसून बसले होते.

ताईकडची बेल बिनवायरची होती. दाराबाहेर बॅटरीचं बटण, आत सॉकेटमध्ये डबी. असल्या बेलना कोड असतो, आणि एकाच बनावटीच्या दोन बेलचा कोड कधीकधी एकच निघतो; मग एकीचं बटण दाबलं की दुसरीही वाजते. काटा बसल्यावर हे मला सुचलं. पुढचे दोन दिवस मी आजूबाजूच्या इमारतींचे जिने चढलो. मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अगदी तसंच बटण दिसलं. भाडेकरू नवेच होते. शाळेत शिकवणारी एक बाई आणि तिचे वडील.

म्हातारबुवा माझ्यावरच उखडले. “आमच्याकडे पण कधीमधी उगाच वाजते! मी गुडघे धरून उठायचं आणि बाहेर कुणी नाही. तुम्हीच का ते?”

पावणेतीनला बाई आल्या, बटण दाबलं. मी भाऊजींना फोन लावूनच ठेवला होता.

“वाजली,” ते म्हणाले.

त्या बाईंच्या परवानगीने मी त्यांच्या बेलचा कोड बदलून दिला. पाच मिनिटांचं काम. भाऊजींना सगळं सांगितलं तेव्हा ते फोनवर ढसाढसा रडले. ताईला मात्र आम्ही काही बोललो नाही. बेल थांबली की ती हळूहळू विसरेल, असं वाटलं. खरं सांगायचं तर मी खूश होतो. आणखी एक भूत पकडलं.

चौथ्या दिवशी भाऊजींचा पुन्हा फोन. “ती जेवत नाही. दार उघडं टाकून उंबऱ्यापाशी बसलीये. म्हणते, पोरगी रुसली.”

मी धावत गेलो. ताई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले. मला बघून म्हणाली, “मी काही चुकले का रे? चार दिवस झाले, येत नाही.”

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कोड, मागची इमारत, शाळेतली बाई. ती चिडेल, मला घालवून देईल अशी तयारी ठेवली होती. तिने निमूट ऐकून घेतलं.

मग विचारलं, “त्या बाईला दार कोण उघडतं?”

“तिचे वडील.”

“लगेच उघडतात?”

“नाही गं. गुडघे दुखतात त्यांचे. वेळ लागतो.”

“मग ती थांबते बाहेर?”

“थांबते.”

“तो पहिला दिवस होता ना, तापाचा,” ताई म्हणाली, “तेव्हा मी झोपले होते. दुपारी माझा असा डोळा लागतो की ढोल वाजवले तरी कळत नाही. हे बाहेर गेले होते. ती बेल वाजवत राहिली. किल्ली दवाखान्यात विसरली होती. अर्धा तास, बाळा. अर्धा तास ती त्या पायरीवर तापाने फणफणत बसली होती. आणि मी दार उघडून काय म्हणाले माहितीये? ‘किल्ली न्यायला काय होतं तुला?’”

मी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

“भूत असतं की नसतं, ते तू बघ. तुझा धंदा आहे. मी रोज पहिल्याच बेलला दार उघडत होते. एक दिवस चुकवला नाही.”

“मी परत कोड जुळवून देतो,” मी बोलून गेलो. “आत्ता जातो.”

“नको. आता वाजली तरी ती त्या मास्तरीणबाईंचीच बेल.” तिने पदराने डोळे पुसले. “तू चांगलंच केलंस. तुझ्यावर राग नाही माझा.”

राग असता तर परवडलं असतं.

भाऊजी मला खालपर्यंत सोडायला आले. फाटकापाशी थांबून म्हणाले, “चूक माझीच. मीच तुला बोलावलं. ती वेडी होईल याची भीती वाटली. पण तुला म्हणून सांगतो, बेल थांबायच्या आधीच्या आठवड्यात मीही अडीचलाच दाढी करून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचो. पेपर नुसता हातात असायचा.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघालो.

ताई पुढे जेवायला लागली, चारचौघांत बोलायलाही लागली. दुपारी मात्र पडायची नाही. भाऊजी विनवायचे, डॉक्टरांनीही सांगून बघितलं; ही खुर्चीत ताठ बसून राहायची, डोळे लाल होईपर्यंत.

परवा, म्हणजे आठ महिन्यांनी, भाऊजींचा फोन आला. हळू आवाजात बोलत होते. “ती झोपलीये. दीडला खुर्चीतच डोळा लागला. आता चार वाजले. मी हललोसुद्धा नाही.”

“बरं झालं की, भाऊजी.”

“हो, बरंच झालं,” ते म्हणाले. “पण उठल्यावर घड्याळ बघेल ना रे ती. तू येतोस?”

हातातलं काम तसंच टाकून मी निघालो.