गोल खिडकी

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. घरात माणसांचे फोटो लावायचे नाहीत असा सासूबाईंचा दंडक होता, म्हणून तो आत गेला, आणि आत गेला म्हणून माझ्या एकटीचा झाला. फोटोत माझे यजमान पांढरा शर्ट घालून जहाजाच्या गोल खिडकीशी उभे आहेत. खिडकीला पितळेची कड, पलीकडे समुद्र. फोटोच्या मागे त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'ही माझी खोली.' साल एकोणीसशे बहात्तर. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि त्या वर्षातले दोन महिने ते घरी होते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण इथे घेते, नाहीतर 'हे' आणि 'ते' करत वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. त्यांचं नाव वजीर. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर, इंजिनाच्या तेलपाण्याच्या कामावर होते. मी नसीमा. त्या तीस वर्षांत पावसजवळच्या आमच्या घरातला एकूण एक निर्णय मी घेतला. कौलं काढून स्लॅब कधी घालायचा, कलमं कुठली लावायची, आमच्या मुलाला, फैझानला, कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं. वजीर रजेवर यायचे, झालेल्या गोष्टी बघून मान डोलवायचे आणि परत जायचे. मला माझ्या निर्णयांचा कधी पश्चात्ताप झाला नाही. एखादा चुकला असेल, पण तो कुठला ते मी कोणाला सांगणार नाही.

रोज सकाळी कपाट उघडलं की त्या खिडकीशी मी दोन शब्द बोलायची. उठलात का, जेवलात का, तिकडे थंडी आहे का. पत्रात वजीर लिहायचे, 'आज खिडकीतून उडते मासे बघितले.' मी जन्मभर समुद्रकाठी राहिलेली बाई, समुद्राचं मला काय अप्रूप? अप्रूप होतं ते त्या खोलीचं. माझं माणूस वर्षातले दहा महिने जिथे राहतं ती खोली मला एकदा बघायची होती, बस्स.

दोन हजार साली ते कायमचे घरी आले आणि त्यांची झोप उडाली. पडवीत येरझारा घालायचे. झोपले तर छताचा पंखा पूर्ण जोरात हवा. आमचा पंखा जुना, घर्र घर्र करणारा. पौषाच्या थंडीत अंगावर दोन चादरी आणि वर पंख्याची ही घरघर! मी म्हणायची, निदान दुरुस्त तरी करून घ्या. ते म्हणायचे, राहू दे गो. मी मनाशी ठरवून टाकलं की या माणसाचा जीव समुद्रात अडकलाय, घरात काही रमत नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही यायचा.

म्हणून दोन हजार सहाच्या जानेवारीत फैझानचा दोह्याहून फोन आला, की अम्मी, तुम्हा दोघांना मुंबईहून लक्षद्वीपची जहाजाची सफर माझ्यातर्फे, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. खोली मात्र वजीरनी निवडली. जहाज हा त्यांचा विषय, तिथे मी तोंड घातलं नाही. रत्नागिरीला शार्दूलच्या ट्रॅव्हल्समध्ये जाऊन तासभर जहाजाचा नकाशा बघत बसले. शार्दूल त्यांना वरच्या मजल्यावरची मोठी चौकोनी खिडकी दाखवत होता. 'गोल हाय काय कुठं?' एवढंच हे विचारत होते. शेवटी त्याच पैशात लहान खोली घेतली, पण खिडकी गोल. मी म्हटलं, चला, म्हातारा हौशी आहे.

सगळ्या वाडीला बातमी कळली. मालनवहिनींनी समुद्र लागू नये म्हणून आवळासुपारी करून दिली. वायरमन महिपतकडे मी गुपचूप घराची किल्ली दिली आणि सांगितलं, 'आम्ही नसताना तेवढा पंखा खोल आणि गप्प करून टाक. चाचांना विचारायला जाऊ नको.'

निघायला चार दिवस असताना शार्दूलचा फोन आला. चाचा, चाची, जरा ऑफिसात येता का, फोनवर सांगण्यासारखं नाही. आम्ही दहाची एसटी पकडून गेलो.

पोरगा चांगला आहे, पण त्या दिवशी त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. जहाज कंपनीने होत्या त्यापेक्षा जास्त खोल्या विकून ठेवल्या होत्या. आमची गोल खिडकीची खोली दुसऱ्याच कोणाला गेली होती. आता आमच्यापुढे दोन वाटा. एक तर याच तारखेला अगदी तळाच्या मजल्यावरची आतली खोली घ्यायची, खिडकी नाही, आणि कंपनी निम्मे पैसे परत देणार. नाहीतर एप्रिलच्या सफरीला जायचं, तीच गोल खिडकी. संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं.

'एप्रिलात आंबा सोडून कोण जाईल?' मी म्हटलं. आमची साठ कलमं आहेत, ती काय कंपनी उतरवणार?

'मग रद्द कर,' वजीर शार्दूलला म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नवे कपडे शिवून झाले होते. सगळ्या वाडीला सांगून झालं होतं. आणि हा माणूस एसटीचं तिकीट परत करावं तसं 'रद्द कर' म्हणत होता.

'रद्द कशाला?' मी म्हटलं. 'खिडकी नसली तर नसली. रात्रीचं झोपायचं तिथं, दिवसा वर डेकवर बसू. डेक काय विकलाय त्यांनी?'

'तुला नाय कळायचं तां.'

तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला हे वाक्य कोणी ऐकवू नये. मी शार्दूलला सांगितलं, नकाशा काढ. त्याने तो टेबलावर पसरला आणि तळाच्या मजल्यावरच्या मागच्या टोकाला एका चौकोनावर बोट ठेवलं. वजीरनी चष्मासुद्धा लावला नाही. लांबूनच बघितलं.

'ह्या भिंतीच्या मागं लोखंडी जिना,' ते म्हणाले. 'त्याच्या खाली इंजिन. भिंतीला हात लावलास तर गरम लागंल. पाण्याचा गिलास ठेवलास तर सरकत सरकत कडेला येतो, म्हणून गिलासाखाली ओला फडका ठेवायचा. पहिले दोन दिवस दात वाजल्यासारखे वाटतात. मग नाय वाटत.'

नकाशात यातलं काही काढलेलं नव्हतं. शार्दूल म्हणाला, 'चाचा, तुम्ही या जहाजावर होतात?'

'ह्याच्यावर नाय रे. पण अशाच खोलीत तीस वर्षं झोपलोय.'

मी ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चुकून बोलले. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत होते. शार्दूल शहाणा. 'मी चहा सांगून येतो,' म्हणून बाहेर गेला. चहावाला त्याच्या फोनवर येतो हे मला माहीत होतं.

'आणि ती खिडकी?' मी विचारलं.

'सेकंड इंजिनीअरची खोली ती. त्याच्या बेसिनचा पाइप तुंबला होता, तो साफ करायला गेलो होतो. आमचा जेवण करणारा भंडारी, त्याच्याकडे नवा कॅमेरा आला होता. तो बोलला, उभा रहा, घरी पाठव, बायको खूश होईल.' मग म्हणाले, 'शर्टपण त्याचाच.'

'कोणाचा?'

'भंडाऱ्याचा.'

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या नवऱ्याने ती चौतीस वर्षं झाकून ठेवली होती, आणि आत निघाला दुसऱ्याचा शर्ट आणि तिसऱ्याची खिडकी. मला हसूही आलं, पण राग जास्त आला, आणि तो त्यांच्या खोटं बोलण्याचा नव्हता. रोज सकाळी मी कोणा परक्या इंजिनीअरच्या खिडकीशी बोलत होते, जेवलात का विचारत होते, आणि माझं माणूस त्या खिडकीच्या चार मजले खाली होतं. मी चुकीच्या दारावर थाप मारत राहिले होते.

'मला का नाही सांगितलंत?'

'काय सांगू? एका खोलीत सहा जण, वर-खाली बाकडी, दिवस-रात्र दिवा चालू, असां लिहू? नवी नवरी तू. रडली असतीस.'

'रडले असते,' मी म्हटलं, 'आणि मग थांबले असते.'

ते हळू आवाजात म्हणाले, 'मी ठरवलं होतं, एकदा तरी तुला तशा खिडकीशी बसवायचं. म्हणजे मग फोटो खोटा नाय राहात.'

आत्ता मला कळलं, मोठी चौकोनी खिडकी सोडून हा माणूस लहान गोल खिडकी का शोधत होता, आणि आज एवढी तयारी झालेली असताना रद्द करायला का निघाला होता. त्यांना मला तिथे न्यायचंच नव्हतं. तीस वर्षं जे लपवलं, त्याच्या दारात मला उभं करायचं, तेही पैसे भरून, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

शार्दूल रिकाम्या हाताने परत आला. चहाचं नाटक त्याच्याही लक्षात राहिलं नव्हतं. मी म्हटलं, 'लिही. खालची खोली.'

'नसीमा!' वजीर म्हणाले. 'तुला त्या खड्ड्यात नेऊ?'

'समुद्र मला पडवीतून फुकट दिसतो,' मी म्हटलं. 'त्यासाठी मी मुंबईपर्यंत जाणार नाही. मला तुमची खोली बघायची होती. फोटोत होती ती तुमची नव्हती. ही तुमच्यासारखी तरी आहे. आता कंपनी निम्मे पैसे देऊन ती दाखवतेय, तर मी काय वेडी आहे नको म्हणायला?'

शार्दूलने लिहून घेतलं. परतीच्या एसटीत भाट्याचा पूल ओलांडल्यावर वजीर म्हणाले, 'ओला फडका घे बरोबर.'

सफरीच्या दिवशी दुपारी आम्ही जहाजावर चढलो. बाकी सगळे लोक वर जात होते, आम्ही खाली. गालिचा संपला, रंगाचा वास सुरू झाला, आणि वजीरची चाल बदलली. घरी गुडघा धरून पायरी उतरणारा माणूस तिथे कठड्याला हात न लावता झरझर खाली गेला. मीच मागे राहिले.

खोली आमच्या न्हाणीघराहून थोडी मोठी. दोन अरुंद पलंग, एक आरसा, एक दिवा. तशी स्वच्छ, पांढरी. आम्ही मनात धरली होती तेवढी वाईट मुळीच नव्हती. वजीरनी भिंतीला तळहात लावला आणि कान दिल्यासारखं केलं. 'हा नुसता जनरेटर,' म्हणाले. 'मोठं अजून निजलंय.' मी ग्लास भरून ठेवला. त्याच्याखाली फडका ठेवला. ते बघून हसले, बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. मग हाताने दाखवू लागले. इथे त्यांचं बाकडं असायचं, इथे खिळ्याला डबा, आणि इथे उशाशी माझी पत्रं, एका प्लास्टिकच्या पिशवीत, तेल लागू नये म्हणून.

'ह्या अंगाला?'

'ह्याच. भिंतीकडं.'

मी त्या जागेवर जाऊन बसले. चौतीस वर्षांनी का होईना, माझा पत्ता बरोबर लागला होता.

पाच वाजता मोठं इंजिन सुरू झालं. आधी पायाखाली कळलं, मग भिंतीत, मग दातांत, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं. वर भोंगा वाजला. माणसं हात हलवायला डेकवर धावत असतील. 'चला, वर जाऊ,' मी म्हटलं. 'किनारा सुटताना बघू.'

'जाऊया की,' वजीर म्हणाले. 'जरा पाठ टेकतो.'

त्यांनी पाठ टेकली आणि मी पायात चप्पल सरकवेपर्यंत ते झोपले. डुलकी नव्हे, झोप. तोंड उघडं, हात छातीवर, लहान मुलासारखी. सहा वर्षं घरी ज्या झोपेसाठी पडवीत येरझारा घातल्या, ती त्यांना इथे एका मिनिटात लागली. मी बघत उभी राहिले. खोलीभर तो आवाज भरला होता, घर्र घर्र, एका लयीत, न थांबणारा. हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय असं मला वाटलं, आणि कुठे ते आठवलं तेव्हा मी पर्समधला मोबाइल काढला.

खाली रेंज नव्हती. मी जिना चढत, धापा टाकत वर डेकवर गेले. लोक कठड्याशी दाटीवाटीने उभे होते, ऊन कलतं होतं, मुंबई मागे सरकत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि फोनवर दोन काड्या दिसताहेत तोवर महिपतला लावला.

'महिपत, पंखा खोललास?'

'नाय चाची, उद्या सकाळी जातोय. काळजी करू नका, आल्यावर आवाज येणार नाय, माझा शब्द.'

'हात लावू नको त्याला.'

'अवो, पण किती घरघरतो तो!'

'घरघरू दे,' मी म्हटलं. 'चाचांना त्याशिवाय झोप येत नाही.'